जुन्या पद्मिनीची आतली पॅनलं: आधी पाणी अडवा, मग रंगाचा डबा उघडा

आमच्याकडं काकांची प्रीमियर पद्मिनी आहे, मुंबईहून मालवणला आली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि कोकणात जुनी गाडी सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, इंजिनाआधी गाडी आतून जाते. दाराच्या आतलं रेक्झिन खालून फुगतं, पॅनल केळीच्या सालीसारखं वाकडं होतं, डॅशच्या पत्र्यावर कडेकडेनं तांबेरा उठतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास. मी हे काम दोनदा केलंय. पहिल्यांदा चुकीचं केलं, सगळा रंग-रेक्झिन नवीन करून घेतलं आणि एका पावसाळ्यात होतं तसं झालं. दुसऱ्यांदा केलं ते आजवर टिकलंय, म्हणून जसं केलं तसं लिहितोय.

पहिल्या वेळी काय चुकलं ते आधी. एका गॅरेजमध्ये गाडी दिली, त्यांनी जुनी हार्डबोर्डं काढून नवीन हार्डबोर्ड कापलं, वर छान रेक्झिन चढवलं, दिसायला एक नंबर. पण जुन्या पॅनलच्या मागं जो प्लास्टिकचा कागद होता तो फाटलेला म्हणून त्यांनी फेकून दिला आणि नवीन लावलाच नाही. सप्टेंबरपर्यंत चारही दारांची पॅनलं खालून चार बोटं फुगली. मग आमच्या वाडीतले एक म्हातारे सुतार, होड्यांची कामं केलेला माणूस, त्यांनी पॅनल हातात घेतलं, मागून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रंगाचा काय ता मागसून बघ, पाणी खंयसून येता ता आदी शोध." हे पॅनल पुढून खराब होत नाही हो, मागून सडतं, आणि आपण सगळा खर्च पुढच्या बाजूवर करतो.

दारात पाणी येतंच, ते येणारच. काचेच्या बाहेरच्या अंगाला जी रबराची पट्टी असते ती कितीही नवीन घातली तरी कोकणातला पाऊस, जो रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं जातो, तो काचेवरून थोडा तरी दाराच्या पोटात उतरतो. गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात आणि आतला पत्रा नि पॅनल यांच्यामध्ये प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा असतो. आपल्याकडं लाल माती आणि पाचोळा त्या भोकांत जाऊन बसतो, पाणी आत साचतं, दाराचा पत्रा खालून कुजतो. पडदा फाटला की तेच पाणी पॅनलला लागतं. हार्डबोर्ड म्हणजे दाबलेला लाकडाचा लगदाच, त्यानं एकदा पाणी प्यायलं की फुगतो आणि परत पहिल्यासारखा बसत नाही.

तर कामाची सुरुवात पॅनल काढण्यापासून. आधी बॅटरीची चासीसला जोडलेली वायर सोडा, कारण डॅशच्या मागं हात घालावा लागणार आहे आणि जुन्या वायरींची आवरणं कडक होऊन तडकलेली असतात. मग काचेचं हँडल आणि दार उघडायचं हँडल. यात दोन प्रकार सापडतात, एकात हँडलच्या मागची वाटी आत दाबली की आडवी पिन दिसते, ती बारीक खिळ्यानं ठोकून बाहेर काढायची, दुसऱ्यात मागं स्प्रिंगची क्लिप असते, ती कापडाची पट्टी हँडलच्या मागून पुढंमागं ओढली की सुटते. आर्मरेस्टचे स्क्रू खालून असतात. पॅनल मात्र एका कोपऱ्याला धरून ओढू नका, पुट्टीची रुंद पत्ती आत सरकवा, क्लिप कुठं आहे ती चाचपा आणि अगदी क्लिपच्या शेजारी हळूच उचला. ओढलं की क्लिप दारात राहते आणि बोर्डाचा तुकडा तिच्याबरोबर. प्रत्येक पॅनलच्या मागं पेन्सिलनं डावं-उजवं, पुढचं-मागचं लिहा, मोबाईलवर फोटो काढा, आणि कितीही सडलेलं असलं तरी जुनं पॅनल फेकू नका, साचा म्हणून तेच लागणार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, त्यामुळं जुनं सामान आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधलं तर क्लिपा, हँडलं मिळून जातात, पण चांगलं पॅनल मिळेल या आशेवर बसू नका.

आता दार उघडं पडलंय तर काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि खाली बघा. भोकांतून लगेच पाणी आलं पाहिजे. नाही आलं तर तारेनं मोकळी करा, आतली माती ब्रशनं आणि पाण्यानं धुऊन काढा. इथं एक सांगतो, समुद्राकाठच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते पाणी यासाठी वापरू नका. मिठाचा अंश पत्र्यावर राहिला आणि त्यावर प्रायमर मारला की काही महिन्यांत खालून फोड येतात आणि आपल्याला वाटतं प्रायमर खराब होता. शेवटचं धुणं गोड्या पाण्यानंच. सुकलं की तांबेरा तारेच्या ब्रशनं खरवडा, रस्ट कन्व्हर्टर लावा, आणि दाराच्या पोटात तळाला गंजरोधक मेण किंवा घट्ट तेल मारा, भोकं बुजणार नाहीत एवढं बघून.

पडद्यासाठी मी दोनशे मायक्रॉनचं प्लास्टिक घेतलं, शेतीच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं. दारापेक्षा थोडं मोठं कापायचं, हँडलच्या दांड्यापुरती फक्त छोटी फुली मारायची, मोठं भोक नाही. कडेनं ब्युटाइलची चिकट टेप लावायची, ती काळी लोण्यासारखी असते, परत काढून परत चिकटते, म्हणजे पुढं काचेचं मशीन दुरुस्त करायला पडदा फाडावा लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडद्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत सोडायची, बाहेर पॅनलवर नाही. कौलाची ओळ जशी खालच्या कौलावर पाणी टाकते तसं पडद्यावरचं पाणी दाराच्या पोटात गेलं पाहिजे. हे एवढंसं काम नीट केलं की पॅनलचं आयुष्य किती तरी पटीनं वाढतं, माझ्या मते रंगापेक्षा यावर जास्त वेळ द्यावा.

पॅनल दुरुस्त करायचं की नवीन, याचा माझा हिशोब असा: फक्त क्लिपांची भोकं फाटली असतील किंवा एखादा कोपरा सुटला असेल तर दुरुस्त करा, खालून चार बोटांच्या वर फुगलं असेल तर नवीनच कापा, उगाच जीव काढू नका. फाटलेल्या भोकाच्या मागं पातळ ॲल्युमिनियमचा चौकोनी तुकडा अराल्डाइटनं चिकटवून त्याला नवीन भोक पाडलं की क्लिप पक्की बसते. सुटलेल्या कोपऱ्याला मागून फायबरची मॅट आणि रेझिन. कोकणात या सामानाला लांब जावं लागत नाही, आता मासेमारीच्या बऱ्याच होड्या फायबरच्याच आहेत, मालवण, देवगड किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला होडीचं सामान विकणाऱ्यांकडं रेझिन, हार्डनर, मॅट सगळं सुटं मिळतं आणि ते लोक प्रमाणही नीट सांगतात.

नवीन कापायचं तर मरीन प्लाय, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून, तीन मिलिमीटरचा किंवा त्याच्या सगळ्यात जवळचा. जाडी जुन्या बोर्डाशी जुळवा, कारण क्लिप त्याच जाडीसाठी असते, जाड घेतलं तर क्लिप पूर्ण बसत नाही आणि हँडलचा दांडाही आखूड पडतो. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपा असला तरी आपल्या हवेत अजिबात घेऊ नका. जुनं पॅनल वर ठेवून पेन्सिलनं आखा, फुगलेली बाजू असेल तिथं समोरच्या दाराचं पॅनल उलटं ठेवून आखा म्हणजे खरा आकार मिळतो. भोकं पाडून झाली की कोरडी जोडणी करून बघा, दार लावून बघा, हँडल फिरवून बघा, आणि मगच पुढं. नंतर दोन्ही बाजूंनी पीयू (पॉलियुरेथेन) सीलर किंवा इपॉक्सीचे दोन हात, आणि कडा नि भोकांच्या आतून तीन, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनं. दोन दिवस सुकू द्या.

रेक्झिन. जुनं चांगलं असेल तर तेच ठेवा असं मी म्हणेन, तो दाणा आणि त्या शिवणीच्या रेघा आता मिळत नाहीत. हेअर ड्रायरनं कोमट करत करत सोडवा. बुरशीला साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, न गेल्यास पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, आणि सावलीत वाळवा, उन्हात घातलं तर आक्रसतं आणि मग कडेला पुरत नाही. आमच्याकडं रेक्झिनला खोबरेल तेल चोळायची सवय आहे, चार दिवस चमकतं खरं, पण धूळ धरतं, आणि पुढं कधी रंग द्यायचा झाला तर धरतच नाही. रंग उडालेल्या रेक्झिनला रेक्झिन-लेदरसाठीचाच लवचीक रंग वापरा, साधा ऑइलपेंट दोन महिन्यांत कोपर टेकतो तिथं तडकतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, अगदी पातळ तीन-चार हात द्या, दाणा भरून जाईल इतका जाड नको.

आतला जुना स्पंज मात्र काढून टाका. तो पाणी धरून ठेवतो. त्याच्या जागी बंद पेशींचा फोम, दुकानात एक्सएलपीई म्हणून मागा, तीन ते पाच मिलिमीटर. चिकटवायला फेविकॉल एसआर, दोन्ही बाजूंना पातळ लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, हे थांबणंच लोक करत नाहीत आणि मग फुगे येतात. मधून कडेकडे दाबत जायचं. कोपऱ्यात मागच्या बाजूला व्ही आकाराचे काप द्यायचे म्हणजे गाठ होत नाही. शिवण उसवली असेल तर नायलॉनचा दोरा, सुती दोरा इथं कुजतो. स्टेपल मारणार असाल तर स्टेनलेसच्याच पिना, साध्या पिना खाऱ्या हवेत लगेच गंजतात आणि तो गंज रेक्झिनच्या पुढच्या बाजूला डाग म्हणून दिसायला लागतो.

आता डॅश आणि दाराच्या वरची पत्र्याची पट्टी, म्हणजे खरं रंगकाम. इथं घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं आहे.

आधी जुना रंग कुठला ते ओळखा. दिसणार नाही अशा जागी, ॲश ट्रेच्या मागं वगैरे, थिनरचा बोळा अर्धा मिनिट धरा. रंग कापडावर उतरला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा तसला थिनरमध्ये विरघळणारा लॅकर आहे, सुरकुतला तर मधे कुणीतरी ऑइलपेंट मारलाय. ऑइलपेंटवर थेट एनसी मारलं की सगळं उकलून येतं, तिथं पूर्ण खरवडायचं किंवा मधे इपॉक्सी प्रायमरचा थर द्यायचा. त्याच झाकलेल्या जागेवरून मूळ रंगाचा नमुनाही मिळतो, ऊन न लागलेला. मी ॲश ट्रे काढून दुकानात नेला आणि त्यावर मशीननं रंग जुळवून घेतला. चकाकी मात्र मूळपेक्षा थोडी कमी ठेवा, डॅशच्या वरच्या भागाला तर मॅटच, नाहीतर दुपारी समोरच्या काचेत सगळं प्रतिबिंब पडतं आणि घाटात डोळ्यांवर येतं.

मग धुणं. वर्षानुवर्षं लोकांनी डॅशवर पॉलिश चोळलेलं असतं, त्यात सिलिकॉन असतं, आणि त्याचा एक कण राहिला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मी दोन वेळा पुसून समाधान मानलं आणि ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर असे सतरा खड्डे मोजले, सगळं परत घासावं लागलं. म्हणून साबणाचं पाणी, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर दर वेळी नवीन कापडानं निदान तीनदा, आणि हे सगळं घासण्याआधी, नंतर नाही, नाहीतर पॉलिश पेपर ते सिलिकॉन पत्र्यात आणखी रगडतो. यानंतर उघड्या हातानं पत्र्याला शिवू नका, घामातही मीठ असतंच.

घासताना जुना रंग असेल तर ओलं घासा आणि मास्क लावा, त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं, मुलं खेळतात त्या खळ्यात ती धूळ नको. तीनशेवीस नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात, गंजाच्या जागा चकचकीत पत्र्यापर्यंत. उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली असते. इपॉक्सी प्रायमर मी ब्रश आणि छोट्या रोलरनं लावला, ग्लोव्ह घालून. खड्ड्यांना पॉलिस्टर पुट्टी, हार्डनर साधारण दोन टक्के, सुपारीएवढ्या गोळ्याला हरभऱ्याएवढंही नको, आणि पाच मिनिटांत संपेल एवढीच कालवा. ही पुट्टी पाण्यानं घासू नका, कोरडीच घासा, ती पाणी शोषते आणि ते पाणी रंगाखाली अडकून बसतं. वर सरफेसर, म्हणजे बारीक ओरखडे भरणारा प्रायमरचा थर, तो मात्र पूर्ण सुकल्यावर सहाशेनं पाणी लावून घासला तरी चालतो, नंतर पुन्हा पूर्ण सुकवायचा.

डॅशचा काही भाग प्लास्टिकचा असेल तर तिथं थिनर अजिबात नाही, एबीएस जातीचं प्लास्टिक विरघळतं. तडा गेला असेल तर तड्याच्या टोकाला बारीक ड्रिलनं भोक पाडा म्हणजे तो पुढं धावत नाही, मागून जाळी आणि इपॉक्सी लावा, पुढून व्ही खाच करून भरा. रंगाआधी प्लास्टिकवर रंग धरून ठेवणारा ॲडहिजन प्रमोटर, नाहीतर नखानं सोलून निघेल.

आता रंग मारायची वेळ, आणि कोकणातल्या माणसानं हे लक्ष देऊन वाचावं. एनसी रंगातला थिनर उडताना पत्रा गार करतो, हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर दंव धरतं आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. माझा पहिला हात ऑक्टोबरअखेर संध्याकाळी मारलेला, दिवसा कडक ऊन होतं म्हणून फसलो, अर्ध्या तासात सगळा डॅश भस्म फासल्यासारखा. (असं झालं तर घासत बसू नका, दुसऱ्या दिवशी कोरड्या वेळी रिटार्डर (थिनर हळू उडावा म्हणून घालतात ते) घातलेल्या थिनरचा हलका फवारा दिला की बहुतेक वेळा उतरतं.) यातून शिकलो ते असं: डिसेंबर ते फेब्रुवारीच धरा, आणि त्यातही सकाळी दव उडाल्यापासून दुपारपर्यंत. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो तो कोरडा, दुपारी खारा वारा सुरू झाला की समुद्राची ओल आणि मीठ दोन्ही घेऊन येतो, तेव्हा स्प्रे गन खाली ठेवायची. मी चारशे रुपयांचं एक आर्द्रता दाखवणारं घड्याळ भिंतीला लावलंय, सत्तर टक्क्यांच्या वर काटा असेल तर त्या दिवशी रंग नाही.

जागा म्हणून मांगर (शेतावरची शेड) किंवा बंद पडवी चालेल. आंब्याच्या झाडाखाली मात्र नको, याच महिन्यांत मोहोर असतो, तुडतुड्यांचा चिकट मध वरून गळतो आणि बागेत फवारणी चालू असेल तर तेही उडून येतं. जमिनीवर धूळ बसायला पाणी मारायची आपली पद्धत आहे, ती इथं उपयोगाची नाही, त्यानं ओल वाढते, त्यापेक्षा ताडपत्री अंथरा. आसपास चूल, शेगडी, इन्व्हर्टर, विडी काही नको, थिनरची वाफ जमिनीलगत सरपटत लांब जाते. मास्क साधा कापडी नाही, वाफेसाठीच्या कार्ट्रिजचा. आणि हार्डनर घातलेला टूके (दोन भाग मिसळून करायचा) रंग घरी गननं मारू नका, त्यातले आयसोसायनेट श्वासातून गेले की दम्यासारखा त्रास कायमचा मागं लागू शकतो. तो रंगच हवा असेल तर पॅनल सुटं करून बूथ असलेल्या पेंटरकडं द्या.

गन वितीभर अंतरावर, हात सरळ रेषेत, मनगट वळवून नाही, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे, मग दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, तिसरा. स्प्रेचा डबा वापरणार असाल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, फवारा बारीक येतो, विस्तवाजवळ कधीच नाही. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, तिरकी ओढून काढा.

जोडायला आठवडाभर थांबा. मी चौथ्या दिवशी ग्लोव्हबॉक्सचं झाकण लावलं आणि कडेला रबराचा ठसा उठला, अजून दिसतो. क्लिपांना आणि स्क्रूंना किंचित ग्रीस लावून बसवा, हँडल लावायच्या आधी दार दोनचार वेळा आपटून आवाज ऐका, खडखड आली तर एखादी क्लिप भोकात नाही.

आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी एका दाराच्या खालच्या दोन क्लिपा सोडवून पॅनलच्या मागं हात घाला. प्लास्टिक ओलं आणि बोर्ड कोरडं लागलं तर क्लिपा परत दाबून टाका. बोर्ड ओलं लागलं तर बहुतेक पडद्याची खालची कड खाचेतून बाहेर आलेली असेल, ती आत ढकला, टेप दाबा आणि बाकीची तीन दारंही तेव्हाच बघून घ्या.